मांजरेच्या पाण्यावरील पाखरे

ज्या देशांतील थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा नांदतो, त्या देशांतील नदीकाठच्या जाणत्या माणसाला वर्षाचा कोणता पंधरवडा चालू आहे हे सांगण्यासाठी भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहावे लागत नाही. सायंकाळी पाण्यावर कोणत्या जातीचा किडा पंख घेऊन वर आला आहे, त्याचे पंख राखी आहेत की पिवळसर, शेपटीचे तंतू दोन आहेत की तीन, एवढे पाहिले की त्याला काळाचा बोध होतो. पाण्याच्या तळाशी महिनोन् महिने वाढलेले असंख्य किडे ठराविक ऋतूत आणि ठराविक प्रहरी एकदमच पृष्ठभागावर येऊन उडू लागतात, आणि ही अल्पकाळची मेजवानी साधण्यासाठी मासे तळ सोडून वर येतात. त्या घटकेला जो किडा उडत असेल त्याची प्रतिकृती पिसे, रेशीम व लोकर यांनी गळावर बांधावयाची आणि ती पाण्यावर अशा हलक्या हाताने टाकावयाची की माशाला ती खरी वाटावी, या विद्येला तिकडे फ्लाय फिशिंग म्हणतात. विद्या जुनी आहे. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून मासे धरतात, असे एलियन या प्राचीन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. १४९६ साली इंग्लंडात छापल्या गेलेल्या एका प्रबंधात अशा बारा कृत्रिम किड्यांचा तपशील आहे. आणि १८३६ साली आल्फ्रेड रोनाल्ड्स या गृहस्थाने नदीकाठी एक निरीक्षणाची झोपडी उभारून, ट्राउट काय खातो आणि केव्हा खातो याचा अभ्यास करून, त्या किड्यांची रंगीत चित्रांसह पद्धतशीर नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

या साऱ्याचा मांजरा नदीकाठच्या आमच्या बिलोली तालुक्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. ट्राउटला जे थंडगार पाणी लागते ते मराठवाड्यात कोठून येणार? हिंदुस्थानात हा मासा आला तोही परदेशांतूनच. काश्मीरच्या पाण्यात १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली त्याची पिल्ले सोडण्यात फ्रँक मिचेल यांना यश आले, पुढे तो कुलूच्या बियास नदीत आणि निलगिरीच्या उंच पठारावर रुजला, आणि अशा थंड पाण्यापुरताच राहिला. गोदावरीच्या खोऱ्यात तो कधी नव्हता आणि असावा असेही मला वाटत नाही. परंतु ट्राउटच्या मागे लागलेल्या त्या माणसांनी शतकानुशतके एक गोष्ट केली, ती आपण केली नाही, आणि तिचे मोल मासे धरण्याच्या कौतुकाहून फार मोठे आहे: त्यांनी नदीतील किड्यांकडे लक्ष दिले. किडा उडाला नाही तर मासा वर येत नाही, आणि मासा वर आला नाही तर गळ रिकामा राहतो. या स्वार्थापोटी का होईना, कोणता किडा यंदा कमी उडाला, कोणता मुळीच दिसला नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिले, आणि किडा का नाहीसा झाला याचा शोध घेता घेता नदीच्या आरोग्याची राखण करणारा एक वर्गच तेथे निर्माण झाला. मांजरा नदीला असा राखणदार नाही, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. आणि तो लवकर निर्माण झाला पाहिजे, ही मागणी करावयाची आहे.

किड्यांवरून ऋतू ओळखणे हे आपल्याला परके आहे अशातला भाग नाही. मृग लागला की पहिल्या पावसाने भिजलेल्या रानात मखमली लाल रंगाचे मृगाचे किडे दिसू लागतात आणि म्हातारी माणसे ते पाहून पेरणीचा विचार बोलू लागतात. त्याच सुमारास एखाद्या दमट रात्री वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते आणि सकाळी ओसरीवर तिच्या गळालेल्या पंखांचा खच पडलेला असतो. पावसाळा सरताना सोयाबीनवर व ज्वारीवर चतुरांचे थवे तरंगू लागतात. यांतील काही चतुर थंडीच्या तोंडाशी हिंदी महासागर ओलांडून मालदीवच्या मार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातात, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. बांधावर घटकाभर टेकलेला हा प्राणी एवढा मोठा प्रवासी आहे, हे आमच्या शाळांतील मुलांना कोणीतरी सांगितले पाहिजे. जमिनीवरील किड्यांचा हा परिचय शेतीमुळे टिकला. पाण्यातून वर येणाऱ्या किड्यांची मात्र आपण ओळख ठेवली नाही. दिव्यावर येणारी पाखरे, एवढ्या एकाच नावाखाली आपण ती सारी घातली आणि जेवताना दिवा दूर सारला.

वास्तविक मांजरेवरील येसगीच्या पुलाजवळ किंवा सगरोळीच्या बाजूला, कार्तिक-मार्गशीर्षात पूर ओसरून पाणी निवळले असता, सूर्यास्ताच्या सुमारास काठावर अर्धा तास जो स्वस्थ बसेल, त्याला हा सगळा व्यवहार उघड्या डोळ्यांनी पाहता येईल. प्रथम उथळ पाण्यातील एखादा गोटा हळूच उचलून पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्याबरोबर धुवावा. ताटलीतील गाळ खाली बसला की त्यातून काही जीव चालू लागतात. एखादा चपटा असतो आणि दगडाला चिकटून राहण्यासाठीच घडल्यासारखा दिसतो. एखादा रेतीचे कण आणि काडीकचरा आपल्या लाळेच्या रेशमाने जोडून तयार केलेल्या नळीत राहतो व ती नळी ओढीत चालतो. आणि मुगाच्या दाण्याएवढा, तीन शेपट्यांचा, मातकट रंगाचा एक जीव असा असतो की त्याच्या पाठीवर दोन चौकोनी झडपा दिसतात. शास्त्रज्ञ ज्याला केनिडी कुळ म्हणतात त्यातला हा जीव होय. इंग्रजीत मेफ्लाय या नावाने प्रसिद्ध असलेल्या कीटकगणाचा तो सभासद आहे, आणि त्याच्या त्या दोन झडपा म्हणजे त्याच्याच कल्ल्यांतील एक जोडी वाढून झालेले झाकण आहे. गढूळ पाण्यातील गाळ मागच्या नाजूक कल्ल्यांवर बसू नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज पाहून कोणाही विचारी माणसाला विस्मय वाटल्यावाचून राहणार नाही. चपट्या जातीजवळ ही तजवीज नाही. तिला स्वच्छ दगड आणि वाहते पाणी लागते. ताटलीत झडपवालाच तेवढा सापडू लागला आणि चपटा दिसेनासा झाला, तर नदीत गाळ वाढला आहे हे कोणत्याही यंत्रावाचून समजते.

अंधार पडू लागला की तळाचा जीव पोहत वर येतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याच्या पाठीची त्वचा मधोमध उकलते आणि तिच्यातून धुरकट पंखांचा एक किडा बाहेर पडून अडखळत काठच्या गवतावर जाऊन बसतो. कीटकसृष्टीत इतरत्र न आढळणारी गोष्ट येथे घडते: पंख फुटल्यानंतरही हा किडा आणखी एकदा कात टाकतो. केनिडी कुळात हा विधी काही मिनिटांत उरकतो, आणि गवताच्या पात्यावर कागदासारखी पांढरी, रिकामी कात तेवढी उरते. आता त्याचे पंख दुधाळ व नितळ झालेले असतात. त्याला तोंड असून नसल्यासारखे असते. खाण्याची सोयच नाही, कारण जगण्याची मुदत काही तासांची आहे. त्या तासांत नरांचे थवे पाण्यावर खालीवर नाचतात, माद्या त्यांत शिरतात, अंडी पाण्यावर पडतात आणि मागोमाग मेलेले किडे पंख पसरून धारेबरोबर वाहू लागतात. याच वेळी लहान मासे वर येऊन ओठांनी पाणी चोखल्यासारखे करतात आणि शांत डोहावर एकामागून एक वलये उमटू लागतात. भिंगऱ्या आणि वेडे राघू दिवेलागणीपर्यंत हीच पाखरे टिपीत असतात. त्यानंतर वटवाघळांची पाळी. काही जातींमध्ये हे उड्डाण चंद्राच्या कलांशीही बांधलेले असते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातील पोविला नावाची जात पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांतच मोठ्या संख्येने बाहेर पडते असे आढळले आहे. मांजरेवरील पाखरांचे असे काही वेळापत्रक आहे काय? असल्यास ते कोणीतरी लिहून ठेवण्यासारखे आहे.

आता माशांकडे वळू. दख्खनच्या नद्यांतील माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारचे आकडेवारी गोळा करणारे अधिकारी होते, आणि १८३९च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लिखाणात शिंगटी, घोगरा, नुकटा ही कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत जाऊन बसली, ती आजतागायत जगभर चालतात. त्यांतील सर्वांत मानाचा मासा म्हणजे महासीर. या जातीच्या नावातील खुद्री हा शब्दही साइक्स यांनी येथूनच उचलला. हा मासा किडे, खेकडे, शेवाळ, काठच्या झाडांची पडलेली फळे असे सर्व काही खातो, परंतु त्याच्या पिल्लांचे बालपण पाण्यातील किड्यांवरच पोसले जाते. धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाच्या दारूने होणारी मासेमारी यांमुळे तो दुर्मीळ होत चालला, तेव्हा सत्तरीच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालविले, डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी तेथे केलेले काम महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. माशाची पिल्ले हौदात तयार करता येतात, किड्यांची तशी करता येत नाहीत. प्रत्येक पावसाळ्यात सरकार आणि सहकारी संस्था तलावांत कटला, राहू, मृगळ यांचे बीज लाखांच्या हिशेबाने सोडतात आणि त्या बिजाची नोंद दप्तरात राहते. ते बीज ज्या नदीत किंवा जलाशयात पडते तिच्या तळाशी अन्न काय शिल्लक आहे, याचा रकाना त्या नोंदवहीत नसतो.

मांजरेची आजची अवस्था समजून घेण्यासाठी तिचा थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी लातूरच्या मुलुखातून बिदरकडे जाते, मेदकच्या बाजूने मोठे वळण घेऊन उत्तरेकडे फिरते आणि देगलूर व बिलोली या तालुक्यांची पूर्वेकडील सरहद्द आखीत, सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून, कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. तेरणा, तावरजा, घरणी, लेंडी, मन्याड या तिच्या उपनद्या. निजामाच्या अमदानीत १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर बांधला गेला आणि तेव्हापासून बिलोलीच्या वाट्याला येणारे मांजरेचे पाणी हे वरच्या धरणाच्या दरवाज्यांवर अवलंबून राहिले. पुढे धनेगावचे धरण झाले, सिंगूरचे झाले, ठिकठिकाणी बंधारे झाले. १९४८च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला, १९५६मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि जी नदी एका संस्थानाच्या पोटात वाहत होती ती दोन राज्यांच्या मधली हद्द बनली. तेव्हापासून एका काठावरचा कायदा निराळा, दुसऱ्या काठावरचा निराळा. पाण्यातील जीवांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ती घटना अद्याप कोणी विसरलेले नाही. धनेगावच्या धरणाचा तळ उघडा पडलेला असताना खालच्या नदीतील किड्यांचे काय झाले असेल, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्यही नव्हते, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही.

परंतु दुष्काळ येतो आणि जातो. नदीच्या जीवांनी असे दुष्काळ हजारो वर्षे सोसलेले आहेत: नदी आटली तरी डोहांत पाणी राहते, रेतीच्या पोटात ओल राहते, आणि त्या ओलीत खाली खाली शिरून कित्येक जीव पुढचा पाऊस येईतो तग धरतात. रेती ही मांजरेची तिजोरी आहे. जो किडा पाऊणशे दिवस कोरड्या पात्राखालच्या ओलसर थरात काढू शकतो, त्याच्या अंगावरून तो थरच काढून नेला तर त्याने कोठे जावे?

बिलोली तालुक्यातील रेती तिच्या तांबूस रंगाने आणि टणकपणाने प्रसिद्ध आहे आणि दूरदूरच्या शहरांतील इमारतींत ती गेलेली आहे. रेतीघाटाचा लिलाव होतो, ब्रासच्या हिशेबाने महसूल जमा होतो, यंत्रे पात्रात उतरतात. जेथे पाणी आहे तेथे तराफे आणि सक्शन पंप लावून पाण्याखालचीही रेती उपसली जाते, त्यावर धाडी पडतात, पंचनामे होतात, तराफे जाळले जातात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. या चक्राविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, ते बव्हंशी महसूल बुडाल्याबद्दल, रस्ते खचल्याबद्दल आणि विहिरींचे पाणी खोल गेल्याबद्दल असते. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही नदीचे जे मूळ नुकसान होते ते त्यांत येत नाही. उपशाने पात्रात खोल खड्डे पडतात आणि खळाळत वाहणारी उथळ धार, जिच्यात पाण्याला सर्वाधिक प्राणवायू मिळतो आणि गोट्यांच्या आडोशाला चपटे किडे राहतात, ती प्रथम नाहीशी होते. खड्ड्यांतील पाणी साचून गरम होते. ढवळलेला बारीक गाळ मैलभर खाली वाहत जाऊन गोट्यांमधील फटी बुजवितो. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात आणि तळाचे जीव गुदमरतात. रेतीत पुरून राहणारी चतुरांची काही कुळे आहेत, त्यांची पिल्ले तर रेतीबरोबरच टिपरमध्ये भरली जातात. उरतात ते गाळात जगणारे लाल किडे, जे घाणेरड्या पाण्यातही टिकतात. अशा ठिकाणी सायंकाळी पाण्यावर वलये उमटत नाहीत, आणि कोळ्याच्या जाळ्यात तिलापियाखेरीज फारसे काही येत नाही.

कायद्याने या बाबतीत काही केलेले नाही असे नाही. २०१२च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार यांच्या खटल्यात असा निवाडा दिला की, पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणाच्या परवानगीवाचून गौण खनिज काढता येणार नाही. त्यानंतर २०१६ आणि २०२० साली केंद्र सरकारने रेतीउपशाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, प्रत्येक जिल्ह्याने आपल्या पात्रांची पैमाष करून अहवाल सिद्ध करावा असे ठरले, आणि पावसाने दरवर्षी किती रेती नव्याने येऊन भरते हे मोजूनच तेवढी काढण्यास मुभा द्यावी, असेही ठरले. तत्त्व उत्तम आहे. त्यातील उणीव अशी की, हे सारे मोजमाप रेतीच्या घनफळाचे आहे. पुराने खड्डा भरला म्हणजे नदी पूर्ववत झाली, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. त्या नव्या रेतीत जीव परतला की नाही, हे पाहण्याची तरतूद प्रत्यक्ष लिलावाच्या कागदपत्रांत कोठेही आढळत नाही. आश्चर्य असे की, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या तळाशी राहणाऱ्या जीवांवरून पाण्याची प्रत ठरविण्याची पद्धत कधीच आखून ठेवलेली आहे. हत्यार तयार आहे, ते तहसिलीपर्यंत पोहोचलेले नाही.

ट्राउटच्या देशांत हे हत्यार कोणाच्या हाती आहे ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात २००७ पासून गळ टाकणाऱ्या हौशी माणसांनाच थोडे शिक्षण देऊन नदीच्या पहाऱ्यावर नेमण्यात आले आहे: महिन्यातून एकदा ठराविक जागी नदीत उभे राहून तीन मिनिटे पायाने तळ ढवळावयाचा, खाली धरलेल्या जाळीत आलेले किडे पांढऱ्या थाळीत ओतावयाचे, आठ गटांत ते मोजावयाचे आणि संख्या ठरलेल्या पातळीच्या खाली गेली तर सरकारी खात्यास कळवावयाचे. २०१३च्या जुलैत केनेट नदीवर अशीच मोजणी करणाऱ्या एका स्वयंसेवकाच्या थाळीत किडे जवळजवळ आलेच नाहीत. त्याने तक्रार केली, तपास झाला आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्याच्या वाटेने नदीत उतरून कित्येक किलोमीटरपर्यंतचे जीवन नष्ट झाले असल्याचे उघड झाले. पाणी दिसावयास स्वच्छ होते. मासेही पोहत होते. किडे मोजणारा माणूस नसता तर ते कोणाला कळलेही नसते. हेच औषध आपल्या कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारले जाते, फवाऱ्याची टाकी पुष्कळदा ओढ्यावरच विसळली जाते, आणि तो ओढा मांजरेलाच मिळतो. हे वाचताना माझ्या तालुक्यातील शेतकरी बंधूंनी रागावू नये, कारण त्या ओढ्याचेच पाणी पुढे त्यांच्या गुराढोरांना पाजावे लागते.

किडा एकदा गेला की गेला, असे मात्र समजण्याचे कारण नाही, आणि या विषयात मला सर्वांत अधिक धीर देणारी गोष्ट हीच आहे. अमेरिकेतील एरी सरोवराच्या पश्चिम भागात हेक्झाजेनिया नावाची मोठी मेफ्लाय पूर्वी इतक्या विपुल प्रमाणात उडत असे की काठच्या गावांतील रस्त्यांवर तिचे ढीग साचत. १९५३ साली तळच्या पाण्यातील प्राणवायू संपला आणि ती जवळजवळ नाहीशी झाली. चाळीस वर्षे ती दिसली नाही. मधल्या काळात १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी करार करून सरोवरात जाणाऱ्या सांडपाण्यावर व फॉस्फरसवर निर्बंध घातले, आणि १९९०नंतर ती परतली. आता तिचे थवे इतके दाट असतात की पावसाचे ढग पाहणाऱ्या रडारवर ते उमटतात. तेथेही एक पाणी दोन राज्यसत्तांत वाटलेले होते. मांजरेच्या काठावर नांदेड आणि निजामाबाद या दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसावयाचे, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे. तो त्यांच्या मानाने पुष्कळच सोपा म्हटला पाहिजे.

रेती नको असे म्हणणारा मी नव्हे. घर बांधावयाचे तर रेती लागते. शासनाने घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रास रेती मोफत देण्याचे ठरविले आहे आणि ज्याच्या डोक्यावर अजून कुडाचे छप्पर आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी रात्री पात्रात उतरणाऱ्या तरुणाचीही काही बाजू आहे, त्याच्या गावात दुसरा रोजगार कोणता आहे हे विचारल्याशिवाय त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. माझे म्हणणे इतकेच आहे की, रेती किती काढावी आणि कोठून काढावी हे ठरविताना रेतीत राहणाऱ्याचाही हिशेब धरला जावा. किड्यांना मताधिकार नाही, वकील नाही, आणि त्यांच्या नावाने सात-बारा नाही. म्हणून तो हिशेब माणसानेच ठेवावयास हवा. ज्या नदीत पाखरे उडत नाहीत तिच्यात मासळी टिकत नाही, आणि मासळी गेली की काठावरच्या भोई-कोळ्यांची पोरे हैदराबादेला बांधकामावर जातात; तेथे त्यांच्या घमेल्यांतून कदाचित याच नदीची रेती वाहिली जात असेल.

हे करण्यास फार मोठा खर्च नाही. एक दांड्याची जाळी, दोन पांढऱ्या थाळ्या, एक भिंग आणि एक नोंदवही, एवढे साहित्य कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेतून निघेल. बिलोली, सगरोळी, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर येथे शाळा आणि महाविद्यालये आहेत, त्यांत जीवशास्त्र शिकविले जाते, आणि पुस्तकातील बेडकापेक्षा नदीतील जिवंत किडा मुलांच्या मनाला अधिक धरतो असा शिक्षकांचा अनुभव आहे. मच्छीमार सहकारी संस्थांमधील वृद्ध सभासदांना तर पुस्तकाचीही गरज नाही. कोणत्या डोहावर कोणत्या महिन्यात मासा पाखरांना वर येत असे आणि ते केव्हापासून थांबले, हे मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत सांगू शकणारी माणसे या सरहद्दीवर अद्याप हयात आहेत. त्यांची साक्ष आताच लिहून घेतली पाहिजे, दहा वर्षांनी ती घेता येणार नाही.

पुढील लिलावाची फाईल तयार होण्यापूर्वी नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक प्रस्तावित रेतीघाटावर एकदा मृगापूर्वी आणि एकदा मार्गशीर्षात तळाच्या जीवांची मोजणी करवून ती जिल्ह्याच्या अहवालास जोडावी. जेथे चपट्या किड्यांची वस्ती सापडेल ती खळाळती धार आणि तिच्या वरचा-खालचा काही भाग कायमचा राखीव ठेवावा. उपसा झालेल्या घाटावर वर्षाने पुन्हा मोजणी करावी, आणि जीव परतला नसेल तर त्या घाटाचा पुढील लिलाव रोखावा. रेतीघाटाच्या प्रस्तावावर ग्रामसभेचे मत घेतले जाते; मांजरेकाठच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे की, येत्या खेपेस ठराव मांडला जाईल तेव्हा महसूल किती येणार हे विचारून झाल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, की या घाटावर किडे मोजले आहेत काय; आणि त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये.